दुधाचं चीज

आई,

सगळ्यात आधी मी मोटार बंद केली.

शेजारच्या भारतीकाकूंचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होतो. "महेशभाऊ, आय उठत नाय वो. तुमी या," एवढंच त्या बोलल्या. मी गाडी काढली, सुजाता वर्गावर शिकवत होती, तिला शाळेतून घेतलं आणि बोईसरहून माहीमला आलो. वाडीत शिरलो तर पाट भरून पाणी पायवाटेवर आलेलं. तुम्ही सकाळी पानवेलींना पाणी लावलंत आणि ओटीवर येऊन आडव्या झालात, ते झालातच. शेजारच्या बायका जमल्या होत्या. सुजाता चपलांसकट आत धावली. मी मात्र विहिरीकडे गेलो, मोटारीचं बटण दाबलं, पाय धुतले आणि मग तुमच्याकडे आलो.

तेव्हापासून मी असाच आहे. काही बंद करायचं असलं तर बंद करतो. आणायचं असलं तर आणून देतो. तुमच्या पुतण्याने विधी केले, मी त्याला हवं नको पाहिलं. लोक भेटायला येतात, सुजाताजवळ बसतात, तिचा हात धरतात. मी चहा आणतो. कोणी कधी माझा हात धरला नाही, आणि धरायला हवा होता असंही मला वाटलं नाही. कामावर परत गेलो तर पांडेने विचारलं, "माँ थी?" म्हटलं, सास. "अच्छा, सास," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा लगेच सैल झाला. "चलो, हिम्मत रखना." मग आम्ही सॅम्पल लावले.

त्याचं चुकलं असं नाही. सासू गेल्यावर जावयाने किती दिवस गप्प राहायचं, हे कुठे ठरलेलं नाही. आणि आपण दोघं मिळून काय करायचो ते मी त्याला कसं सांगणार होतो? गावात तरी कुणाला खरं वाटलं होतं? "सासू नि जावई पनीर खायाला गाडीत बसून जातात," असं म्हणून लोक हसायचे. तुम्हीच येऊन मला सांगायचात, आणि वर म्हणायचात, "हसू देत. त्यांचं कुठं तिकीट काढलंय आपण."

सुरुवात सुरतेला झाली. आमच्या लॅबमधलं एक यंत्र दुरुस्तीला तिकडे पोचवायचं होतं. तुम्ही डोळे दाखवायला बोईसरला आला होतात. मी निघालोय म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मीपण येते. सुरत बघितली नाय." सुजाता म्हणाली, "आई, तुला तेवढं चालवणार नाही." ती बोलेपर्यंत तुम्ही चपला घातल्या होत्या.

यंत्र देऊन झालं आणि आपण गल्लीबोळांतून फिरत राहिलो. एका पारशी म्हाताऱ्याच्या दुकानात काचेच्या मोठ्या भांड्यात पांढरे गोळे पाण्यात बुडवून ठेवले होते. वेताच्या छोट्या टोपल्यांत दूध जमवतात, त्या टोपल्यांचे वळ त्यांच्या अंगावर उमटलेले. तुम्ही थांबलात.

"काय हाय ओ ते?"

"टोपली पनीर."

"चाखाया देता?"

मला लाज वाटली. विकत न घेता असं मागायचं? पण म्हाताऱ्याने सुरीने एक फोड काढून कागदावर दिली. तुम्ही ती तोंडात ठेवलीत आणि चावलीच नाहीत. डोळे रस्त्याकडे. बऱ्याच वेळाने म्हणालात, "दुधाचं असंपण होतं?"

घरात इतकी वर्षं म्हैस होती तुमच्या. तिचं दूध काढलंत, मापलंत, पालघरला पाठवलंत. त्या दुधाचं पुढे काय होतं ते कधी पाहायला गेला नव्हतात. त्या दिवशी एक गोळा विकत घेतला आणि दुकानाच्या पायरीवर बसून आपण दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला. खारट पाणी तुमच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. मी म्हटलं, सुजातासाठी एक घेऊ. तुम्ही एकदम म्हणालात, "नको. घरी नको." मला वाटलं, वाटेत खराब होईल म्हणून.

मग ते सुरूच झालं. वर्षातून एक खेप. माझा पगार बेताचा, तुमचे पानांचे पैसे त्याहून बेताचे. त्यामुळे स्लीपरचा डबा, धर्मशाळेची खोली, बरोबर भाकऱ्या, जवळ्याची चटणी आणि उकडलेली रताळी. पहिले दोन दिवस आपण घरचंच खायचो, पुढे मिळेल ते. दुकानात मात्र तुम्ही आधी चाखायला मागणार, दोन-तीन दुकानं फिरणार आणि शेवटी सगळ्यात लहान तुकडा घेणार. मी अवघडून दुकानाबाहेर उभा राहायचो. "खायला पैसे लागतात, चाखायला तोंड लागतं," तुम्ही म्हणायचात. लोक देतही होते. का देत होते ते मला नंतर कळलं. तुम्ही चाखलेली वस्तू इतक्या मनापासून तोंडात घोळवायचात, की देणारा माणूसच तुमच्या चेहऱ्याकडे बघत थांबायचा.

गाडीत कोणी विचारायचं, कहाँ से? तुम्ही म्हणायचात, माहीम. ते म्हणायचे, अच्छा, बंबई. "नाय. तो नाय. खरा माहीम," तुम्ही म्हणायचात, आणि मग पालघर, केळवं, समुद्र, पानवेली, सगळं सांगायचात. समोरच्याला मराठी येतं की नाही याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नव्हतं.

कलकत्त्याला आपण बांडेल चीज शोधत गेलो. आमच्या प्लांटमधल्या एका बंगाली पोराने सांगितलं होतं. बाजारात एका कोपऱ्यातल्या दुकानात ते मिळालं. रुपयाएवढ्या वाटोळ्या जाड चकत्या, काही पांढऱ्या, काही धुरावर धरून तपकिरी केलेल्या. दुकानदार काही बोलायच्या आत तुम्ही तपकिरी चकतीचा लचका तोडलात. "अरे दीदी, ऐसे नहीं! रात भर पानी में भिगाना पड़ता है!" तुमचे डोळे पाण्याने भरले होते, इतकं ते खारट होतं. पण तुम्ही थुंकला नाहीत. गिळलंत आणि मला म्हणालात, "महेशराव, हा तर बोंबील हाय!"

तिथून आपला वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, मासळी उरली की खारवून सुकवतात तसंच हे, दुधाचा सुका बाजार. माझं म्हणणं, नाही, दूध फाडावं लागतं, त्यात रसायन आहे, सुकवणं वेगळं आणि मुरणं वेगळं. "सुकवा नायतर मुरवा. टिकवायचंच ना?" तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचो, तसं सरसकट म्हणता येत नाही. धर्मशाळेत स्टीलच्या डब्यात चकत्या भिजत घालतानाही आपण तेच बोलत होतो. या वर्षी गणपतीत तुम्ही सुका बोंबील भाजायला घेतलात, मग आज सण आहे हे आठवून डब्यात परत टाकलात, आणि तशातही मला म्हणालात, "हे बघा तुमचं बांडेल." मी म्हटलं, नाही हो आई. तो वाद आपण कुठे संपवला नाही. मला आता त्यात काही म्हणायचंही नाही. तुमचंच खरं धरा.

कलकत्त्याहून आलो त्या दिवशी सुजाता तुमच्यावर चिडली होती. तुम्ही आमच्याकडे बोईसरला उतरला होतात, पिशवीतले कपडे काढून घडी घालत होतात. ती म्हणाली, "लहानपणी मला कोरा चहा. घरात म्हैस असून कोरा चहा. आणि आता चीज खायला कलकत्त्याला जातेस?" तुम्ही घडी घातलेलं लुगडं उलगडलंत आणि परत घडी घातलीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने माहीमला निघून गेलात.

मला ती नंतर म्हणाली, "तुझ्याबरोबर ती हसते. मी फोन केला की 'जेवलीस का' आणि 'ठेवते'. एवढंच." तिच्या आवाजात राग कमी होता. मी म्हटलं, पुढच्या वेळी तू चल. ती म्हणाली, "तिने विचारू दे." आणि तुम्ही काही विचारलं नाहीत. मी तुमच्यामागे लागलो होतो आई, तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक वेळी तुम्ही काहीतरी कारण काढायचात. तिची शाळा, तिची कंबर, तिला गाडीत झोप येत नाही.

मग आपण जम्मूला निघालो. तिकडे कळाडी नावाचं चीज असतं, तव्यावर भाजून देतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. रतलामला गाडी थांबली तेव्हा मी वरच्या बर्थवर झोपलो होतो. दुपार होती. गाडी सुटल्यावर जाग आली, खाली पाहिलं तर तुमची जागा रिकामी. फोन चार्जिंगला लावलेला, पैशांचा बटवा उशाशी. समोरची बाई म्हणाली, "माताजी तो उतरी थीं. टोकरी वाले के पास."

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. आपल्या दोन्ही पिशव्या घेऊन मी दारात उभा राहिलो. पुढचं स्टेशन येईना. सुजाताला काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होतो. गाडी थांबल्यावर उडी मारली, पलीकडून रतलामकडे जाणारी पहिली गाडी पकडली, उभ्यानेच परत आलो. तुम्हाला हिंदी येत नव्हती, जवळ एक पैसा नव्हता. मी फलाटभर धावलो.

तुम्ही बाकावर बसला होतात. शेजारी टोपलीवाला, आणि तुमच्या हातात पानावर पांढरं काहीतरी. मला बघून तुम्ही सरकून जागा केलीत.

"मला वाटलं पनीर हाय," तुम्ही म्हणालात. "मावा निघाला."

मी ओरडलो तुमच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा आणि एकदाच. म्हटलं, घाबरला नाहीत? कोणाला सांगितलं नाहीत? मास्तरकडे तरी जायचं! तुम्ही मला पाणी प्यायला लावलंत.

"तुमी येणार हे ठाऊक होतं. मग कशाला धावाधाव करायची?"

पुढचा प्रवास जनरलच्या डब्यातून. बसायला जागा नव्हती. दाराजवळ पिशव्यांवर आपण बसलो, मांडीला मांडी लावून. बाहेर सगळं पिवळं रान, मध्येच एखादा म्हशींचा कळप. त्या म्हशींकडे बघत तुम्ही बोलायला लागलात. मी विचारलं नव्हतं.

सुजाताचे बाबा जाऊन थोडेच दिवस झाले होते. सुजाता लहान होती, नुकती शाळेत जायला लागलेली. म्हशीचं दूध सगळं पालघरला जायचं, त्यावर घर चालायचं. एके सकाळी तुम्ही दूध काढून पातेलं ओटीवर ठेवलंत आणि चारा घालायला मागे गेलात. येऊन पाहता तर पोर पातेल्यात तोंड घालून बसलेली.

"दोनी हातांनी धरलेलं," तुम्ही म्हणालात. "ओठाला फेस. एवढी खूश होती महेशराव, मला बघून हसली ती. आन मी मारलं. गालावर. अशी मारली की पाची बोटं उठली."

गाडीचा आवाज खूप होता. तुम्ही मोठ्याने बोलत होतात, भांडल्यासारखं.

"रडली नाय. तोंड पुसलं नि बाजूला जाऊन उभी राहिली. परत कदी मागितलं नाय. माझ्या म्हशीचं दूध माझी पोर प्यायली, आन मी मारलं."

मी म्हटलं, आई, तेव्हा तुमची परिस्थिती... तुम्ही हात वर केलात. परिस्थिती वगैरे तुम्हाला ऐकायचं नव्हतं.

"तिच्यासमोर मला दुधाचं कायपण खाववत नाय. घास इथं अडकतो. तुमच्यासमोर मी कोण? एक खाणारी बाई. तिच्यासमोर मला आय व्हायला लागतं."

'घरी नको' म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, हे तिला सांगा. एकदा सांगून टाका. तिला वाटतं तुम्हाला ती नको असते.

"तिला ठाऊक हाय."

"तिला ठाऊक नाही, आई."

"मार खाल्लेला माणूस विसरतो होय? ती त्या चहाचं बोलते ना, ते त्याचंच बोलते. तुमी मधे पडू नका. सांगायचं तर मी सांगीन."

मी म्हटलं, बरं. तुम्ही पदराने तोंड पुसलंत आणि पिशवीतून भाकरी काढलीत.

जम्मूला कळाडी मिळाली. हातगाडीवाल्याने तव्यावर टाकली, तिचंच तूप सुटलं, तिच्यातच ती लाल झाली, मग पावासारख्या कुलच्यात घालून दिली. तुम्ही दोन खाल्ल्यात. हनुवटीवर तूप ओघळलं. "तव्यावर दूध भाजतात म्हटलं तर आमच्याकडं वेडी म्हणतील मला," तुम्ही म्हणालात, आणि तिसरी मागितलीत. चाखायला एकदाही मागितलं नाहीत, सगळ्या विकत. त्या दिवशी तुम्ही फार हसलात. मी तुमचा फोटो काढला. त्यात तुम्ही हललेल्या आहात.

परत आल्यावर मी अधूनमधून विचारायचो, सांगितलंत का? "सांगते." दिवाळीत सांगते. तिच्या शाळेतल्या परीक्षा संपल्या की सांगते. सिक्कीमकडे एक दगडासारखं चीज असतं, तासभर चघळावं लागतं, तिकडे दात आहेत तोवर जाऊन येऊ, आल्यावर सांगते. भारतीकाकू म्हणतात, गेलात त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही त्यांना म्हणाला होतात की रविवारी पोरीला बोलावते, जेवायला. कशासाठी, ते त्यांना माहीत नाही. मलाही माहीत नाही. नुसतं जेवायलाही असेल.

आता कालचं सांगतो. त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

काल दुपारी भेटायला येणारे संपले. माहीमच्या घरात आम्ही दोघंच होतो. सुजाता तुमचं कपाट लावत होती. मी ओटीवर बसून पानवेलींचं काय करायचं, कोणाला कसायला द्यायच्या, याचा विचार करत होतो. ती बाहेर येऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "एक विचारू? खरं सांग. आई मला कधी बरोबर का नाही घेऊन गेली?"

तुम्ही म्हणाला होतात, मधे पडू नका. पण आई, सांगणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

मी सांगितलं. पातेलं, फेस, तिचं हसणं, पाच बोटं. 'माझ्या म्हशीचं दूध माझी पोर प्यायली', तेही तुमच्याच शब्दांत. माझ्या तोंडी ते शब्द विचित्र वाटत होते. मला काहीच होत नव्हतं. लॅबमध्ये रिपोर्ट वाचतो तसं मी एकापुढे एक सांगत गेलो. ती समोर वाडीकडे बघत होती.

माझं सांगून झालं. ती म्हणाली, "मला आठवत नाही."

"मारलेलं?"

"काहीच. दूध प्यायलेलंही नाही. कोरा चहा आठवतो. तिचा मार आठवतो, पाटी फोडली म्हणून, समुद्रावर गेले म्हणून. हे नाही आठवत."

मी तिच्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ती खोटं बोलली तर मला कळतं असं मी समजतो. काल मला कळलं नाही. खरंच विसरली असेल. किंवा तुम्हाला सोडवत असेल, तुम्ही नसताना. मला माहीत नाही.

"आणि ती हे घेऊन बसली होती?" ती म्हणाली. "इतकी वर्षं?"

मी हो म्हटलं.

ती उठून आत गेली. कपाटाचं दार वाजलं. मी पाटातला पाला काढायला खाली उतरलो. पाठीमागून तिचा आवाज आला. ती दारात उभी होती. एक हात चौकटीवर, दुसरा तोंडाजवळ नेऊन मध्येच थांबलेला.

"कुठल्या गालावर?"

"काय?"

"मारलं म्हणाली ना. कुठल्या गालावर?"

मला सांगता आलं नाही, आई. तासन्‌तास तुमच्या मांडीला मांडी लावून त्या डब्याच्या दारात बसलो होतो, आणि एवढं विचारायचं मला सुचलं नाही.